दादरा-नगर हवेली आणि ‘जिल्हा’ नावाचा रकाना

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे कागद मला घरबसल्या मिळाले. खटला पोर्तुगाल विरुद्ध भारत: दमणहून दादरा-नगर हवेली या पोर्तुगीज मुलखात भारताच्या हद्दीतून जायची वाट हवी, असा पोर्तुगालचा दावा. १२ एप्रिल १९६०चा निकाल आणि दोन्ही बाजूंचं लेखी म्हणणं, सगळं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. अडलं ते आपल्याकडच्या एका दफ्तरखान्यात.

मला हवे होते पेशवाईतले मोडी कागद. १७७९च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावं कबूल केली आणि १७८३ व १७८५च्या सनदांनी ती नेमून दिली. तीच ही दादरा-नगर हवेली. राज्य दिलं की नुसता वसूल, यावर हेगमध्ये खल झाला. न्यायालय म्हणालं, मराठ्यांनी वसूलच दिला होता. पोर्तुगीजांची सत्ता मानली ती पुढे इंग्रजांनी.

मागणीपत्रकावर ‘जिल्हा’ असा रकाना. मी ‘दादरा-नगर हवेली’ लिहिलं. पत्रक परत सरकलं.

“हे महाराष्ट्रात येत नाही, मॅडम. तिकडे अर्ज करा.”

“अहो, १७७९मध्ये महाराष्ट्र राज्य कुठे होतं?”

“ते मला नका सांगू. रकाना भरा.”

‘दमण’ लिहिलं, तर ते पोर्तुगीजांचं. ‘ठाणे’ लिहिलं, तर ठाण्याच्या यादीत दादरा-नगर हवेलीतलं सिल्वासा नाही. मोठे साहेब रजेवर. ते आले तेव्हा जेवणाची सुट्टी. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या वकिलांना या खिडकीवर पाठवलं असतं, तर त्यांनी कंटाळून दावाच मागे घेतला असता!

(शिफारसपत्राच्या दोन प्रती न्या. आणि शिसपेन्सिल, आत पेन चालत नाही.)

शेवटी कोपऱ्यातले एक जुने कारकून उठून आले. “जिल्ह्यावर रेघ मारा, ताई. विषयात ‘फिरंगी’ लिहा.” जुन्या दफ्तरात पोर्तुगीज म्हणजे फिरंगी. तासाभरात रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं, टेबलावर! गाठ इतकी करकचून की सोडवायलाही तेच आले. मूळ तह नव्हे, पण वसुलाचे कागद निघाले. एवढंच आधी सांगायला काय जात होतं?

निकाल मात्र आधी वाचून जा, नाहीतर रुमालात काय शोधायचं तेच कळत नाही. आणि ‘भारत जिंकला’ एवढ्यावर थांबू नका. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना वाट होती, हे न्यायालयाने पोर्तुगालच्या बाजूने मान्य केलंय. १९५४मध्ये भारताने ती अडवली त्यात नियमभंग नव्हता, इतकंच. फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांना वाट नाही, हे तर अवघ्या ८ विरुद्ध ७ मतांनी ठरलं.