दिवा लावला, पण कप कुठे आहे?

रोबोने दिवा लावला, तरी कप टेबलावरच आहे हे त्याला कसं कळणार? ‘काय बदलत नाही’ हे लिहीत बसलात तर १० कृती आणि २० गुणधर्मांना जवळपास २०० नियम लागतात. कोवाल्स्की-सर्गोट यांच्या १९८६च्या इव्हेंट कॅल्क्युलसमध्ये (घटना आणि वेळ यांवर तर्क करायची पद्धत) एकच नियम पुरतो: घटनेने गोष्ट खरी झाली, मधे कशाने मोडली नाही, तर ती अजून खरीच.

‘मोडली नाही’ हे प्रोलॉग (तर्कावर चालणारी प्रोग्रामिंग भाषा) पुरावा न सापडण्यावरून ठरवतं, आणि खरा घोळ इथेच होतो. गुणधर्माचं व्हेरिएबल मोकळं असताना, म्हणजे कोणता गुणधर्म हे ठरलेलं नसताना, ‘मोडली नाही’ हा नकार तपासला, की मधे दार बंद झालं एवढ्यावरही दिव्याचं उत्तर ‘नाही’ येतं. तेही गुपचूप, एररशिवाय! म्हणून आधी ‘घडलं(लाव(दिवा), ३)’, म्हणजे ३ या वेळी दिवा लावला, हे जुळवून ‘चालू(दिवा)’ ठरवा, मग वेळांची तुलना, नकार अगदी शेवटी. तुलना ‘<’ने केली असेल तर दिवा ३ला नाही, ४ला चालू दिसेल, तो बग नव्हे.