तुम्ही विचारलंत म्हणून: कँटोनीज म्हणींची यादी

‘कँटोनीजमधल्या, म्हणजे हाँगकाँगच्या चिनी बोलीतल्या, द्व्यर्थी बोलण्याची अर्थासकट यादी द्या ना.’ हे इतक्यांनी विचारलंय की एकदाच सांगतो: देणार नाही. पाठ करून हाँगकाँगला गेलात तर फजिती ठरलेली.

एक तर निम्मी म्हण बोलतच नाहीत. जोडप्यामध्ये लुडबुडणाऱ्याला नुसतं ‘दिन-दांग-दाम’ म्हणतात, म्हणजे विजेचा बल्ब. गिळलेला भाग ‘म-तुंग-हेई’: हवा जात-येत नाही. बल्ब बंद काचेचा, म्हणून खरंच. आणि खाणाखुणा न कळणाऱ्यालाही ‘म-तुंग-हेई’च म्हणतात.

कँटोनीज बोलण्यात पाणी म्हणजे पैसा. खिसा कोरडा, म्हणजे ‘गॉन’. डुकराची कलेजीही ‘गॉन’च, अगदी त्याच सुरात. म्हणून खाटकाकडे ‘युन’ मागायचं. त्यात ओलावा आहे. जिभेचा ‘सित’ तोट्यासारखा ऐकू येतो, तर तिला ‘लेई’, म्हणजे नफा. दोडका ‘सी-ग्वा’, पण हरण्याचा ‘स्यू’ फार जवळ, म्हणून ‘सिंग-ग्वा’, जिंकणारा दोडका! अंधश्रद्धा म्हणून हसणाऱ्यांनी आधी दुकान ‘वाढवणं’ सोडावं.

आणि सूर. ‘गाउ’ चढत्या सुरात म्हटलं तर नऊ, किंवा कुत्रा. तोच वर सपाट धरला की शिवी, पुरुषाच्या अवयवाची. यादीत हे दिसणार कसं? २०१४च्या नोव्हेंबरात हाँगकाँगच्या मोंगकोक भागात लोकशाहीसाठी रस्ता अडवून चाललेलं आंदोलन पोलिसांनी उठवलं. हाँगकाँग सरकारचे तेव्हाचे प्रमुख लेउंग चुन-यिंग म्हणाले, लोकांनी तिथे खरेदीला जावं. खरेदीला मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या सरकारी भाषेत, ‘गोउ-वू’. रात्री गर्दी परत आली. काय करताय? ‘गाउ-वू’, तो ‘गाउ’ सपाट सुरातला. खरेदीच चाललीय साहेब! रस्त्यात नाणी पाडायची, वाकून सावकाश वेचायची. कँटोनीजमध्ये खरेदीला एरवी ‘माई-ये’ म्हणतात, म्हणून तर मुद्दाम परक्या उच्चाराची नक्कल. सरकारी आवाहन, मँडरिनची टर आणि शिवी, तिन्ही दोन अक्षरांत. मला कुणी याचा ‘अर्थ’ एका ओळीत मागितला की डोकं फिरतं.

मग यादी निरुपयोगीच? तसंही म्हणवत नाही. हॉटेलात ‘गिउ-गाई’, कोंबडी मागवणे, म्हणजे वेश्या बोलावणे, हे आधी माहीत असलेलं बरं. मध्ये ‘जेक’ घाला, ‘एक नग’ अशा अर्थाचं. वेटर तरीही हसेल.

फारच हट्ट असेल तर ‘चाउ-याउ-यू’ घ्या, माकूल परतणे. कढईत माकूल गुंडाळला जातो, तसा काढून टाकलेला नोकर आपली वळकटी गुंडाळतो. हे कुठेही बोला. साहेबासमोर तेवढं जपून.