प्रदर्शन उठल्यावर

आज दुपारभर व्हँकुव्हरच्या म्युझियम ऑफ अँथ्रॉपॉलॉजीतल्या जुन्या प्रदर्शनांचे फोटो बघत बसले, आणि खरं सांगते, वस्तूंपेक्षा मांडणीच जास्त बघितली. आर्थर एरिक्सनने डिझाइन केलेली १९७६ची ती काँक्रीट-काचेची इमारत, आत उंचच्या उंच कोरीव टोटेम पोल (तिथल्या मूळ रहिवाशांचे लाकडी खांब), कुठली वस्तू कुणाशेजारी ठेवली, उजेड कुठून सोडला, लेबल केवढं... वस्तू परत कपाटात जातात हो, पण त्या कशा दाखवल्या होत्या ते फक्त फोटोतच राहतं. आपल्या सांगलीत मात्र फोटो सगळे फीत कापतानाचे, मांडणीचा एकही नाही, फार वाईट वाटतं. मिरजेच्या सतारमेकरांची हत्यारं, वाळवलेले भोपळे, अर्धवट सतारी कधी कुठं प्रदर्शनात मांडल्या असतील आणि कुणाच्या अल्बममध्ये फोटो असेल तर प्लीज सांगा, मी स्कॅनर घेऊन घरी येते.