आमची वाटचाल : मेणाच्या दातांपासून सोन्याच्या नक्षीपर्यंत

जळगावच्या सराफ बाजारालगतच्या आमच्या दुकानात पूर्वी कानशी, चिमटे आणि मुशी एवढाच माल असे. अंगठीचा मेणाचा नमुना कोरणाऱ्या एका कारागिराच्या हाती लेक्रॉन कार्व्हर, म्हणजे मेण कोरायचे एक हत्यार, दिसला, तेव्हा ते दंतवैद्यकाचे हत्यार आहे हे मला ठाऊकही नव्हते. त्याची पुतणी धुळ्याला बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, करत होती. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांना मेणाचे दात कोरावे लागतात आणि पुढे ती हत्यारे बहुधा खणातच पडून राहतात. ती विकत घेऊन आम्ही कारागिरांना विकू लागलो. ती कोणाच्या तोंडात गेलेली नसतात, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. दवाखान्यात वापरून टाकाऊ झालेली टोकदार हत्यारे 2016च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जमा करायची असतात; म्हणून तसा माल कोणी स्वस्तात देऊ केला तरी आम्ही घेत नाही.

टोक मोडलेल्या प्रोबला, म्हणजे दात तपासायच्या टोकदार हत्याराला, नवा आकार देणे हेच आमचे मुख्य काम झाले. घासताना टोकावर निळसर झाक आली की पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते आणि धार टिकत नाही, म्हणून दर दोन-तीन फेऱ्यांनी टोक पाण्यात बुडवावे लागते. खड्याभोवतीचा सोन्याचा काठ दाबण्यासाठी मात्र टोक गोल करून आरशासारखे चकचकीत करतो, नाहीतर सोन्यावर ओरखडे उठतात.

नुकसानही सोसले. एकदा बर पिनांचा, म्हणजे यंत्रात बसवून फिरवायच्या कोरणीच्या टोकांचा, मोठा लॉट घेतला आणि घरी आल्यावर कळले की त्या एअर टर्बाइनच्या, म्हणजे दंतवैद्याच्या हवेवर फिरणाऱ्या यंत्राच्या आहेत : दांडा 1.6 मिमी, लांबी जेमतेम 19 मिमी. कारागिरांच्या लटकत्या मोटरीच्या हँडपीसला (हातात धरायच्या मुठीला) 2.35 मिमीचा दांडा लागतो. त्यातल्या काही हाताने फिरवायच्या चकात बसवून विकल्या; उरलेल्या अजून बरणीत आहेत.

मे महिन्यात पारा 45 अंशांकडे झुकला की कोरलेले मेण हातातच वाकते, त्यामुळे गिऱ्हाइके कार्व्हर न्यायला सकाळी सातलाच दार ठोठावतात.

अलीकडे रावेरकडचे केळीवाले फवारणीच्या नोझलसाठी प्रोब मागतात. पोलादी टोकाने पितळेचे छिद्र मोठे होऊन औषध जास्त सुटते, हे सांगून आम्ही त्यांना नायलॉनचा साधा ब्रश देतो.