पुण्याहून गुहागर-गणपतीपुळे: बारा माणसं, एक व्हॅन

मोठं कुटुंब घेऊन कोकणात जायचं तर दोन गाड्या कराव्यात की एक व्हॅन, हा वाद आमच्या घरी दर उन्हाळ्यात रंगतो. या मे महिन्यात व्हॅन जिंकली. जाताना पुणे, उंब्रज, पाटण करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि गुहागर. तिथून तवसाळची फेरीबोट धरून जयगड, गणपतीपुळे. येताना रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर आणि हायवेने घरी. माणसं बारा: सत्तरी ओलांडलेले सासूबाई, मामा आणि आत्या, सव्वा वर्षाचं एक बाळ, दोन शाळकरी पोरं, बाकी आम्ही मधले. गाडी फोर्सची अर्बानिया, तेरा आसनी, ड्रायव्हरसकट भाड्याची.

वेळणेश्वरचा समुद्र आणि गुहागरचं व्याडेश्वर यांवर लिहिलेलं भरपूर मिळेल. मी लिहितेय ते गाडीच्या आतल्या भागाबद्दल. अशा व्हॅनमधली निम्मी सुरक्षितता मागे बसलेल्यांच्या हातात असते, आणि मागे बसलेल्यांना कोणी काही सांगायला जात नाही.

सुरुवात बुकिंगच्या फोनपासून. एसी आहे का, पुशबॅक आहे का, म्युझिक आहे का, हे आपण विचारतोच. त्यासोबत हेही विचारा: प्रत्येक सीटला पट्टा आहे का, तो नुसता कमरेचा आहे की खांद्यावरून येणारा, आणि तो वापरण्याजोगा आहे का. गाडीचा नंबर मागून घ्या आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपवर फिटनेस, विमा, पीयूसी बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. नंबर द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर दुसरी गाडी बघावी. अर्बानियाला पुढच्या दोन सीटना एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा), ईएसपी (घसरू लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा) आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, म्हणून आम्ही तिच्यासाठी थोडे पैसे जास्त मोजले. बारा जणांत वाटले तर तो फरक एका थाळीएवढा निघतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडी सोसायटीत आली, तेव्हा सगळ्यांना खाली बोलावलं. मामांनी "विमानात बसतोय का आपण?" म्हणून टर उडवली, पण आले. सीटना सुंदर पांढरी कव्हरं घातलेली होती आणि पट्ट्यांची बकलं त्या कव्हरांच्या खाली गडप. टूरिस्ट गाड्यांमध्ये हे सर्रास दिसतं. प्रत्येकाने आपापल्या सीटच्या खाचेत हात घालून बकल वर काढलं. दोन पट्टे ओढले की अडकत होते, ते ड्रायव्हरदादांनी पूर्ण बाहेर काढून, पीळ सोडवून परत आत सोडले. सकाळी सहा वाजता, सामान आणि चहाच्या थर्मासच्या गडबडीत, हे होत नाही.

पट्ट्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त चर्चा त्यावरच झाली. "मागे कशाला पट्टा?" हा प्रश्न आत्यांचा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्याला धडकली, त्यात पुढचे दोघे वाचले आणि मागे बसलेले दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते. एवढं सांगितल्यावर आत्यांनी मुकाट्याने बकल लावलं. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमाखाली १००० रुपये दंड आहे आणि १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य आसन नसेल तरी तेवढाच.

कमरेचा पट्टा पोटावरून न जाता खाली, मांड्यांच्या वर, हाडावर बसायला हवा. साडी नेसलेल्यांनी निऱ्यांच्या वरून न घेता निऱ्या थोड्या सारून खालून घ्यावा. शाल किंवा जाड स्वेटर पट्ट्याच्या आत नको, वरून पांघरा. पुशबॅक सीट हा तर गोड सापळा आहे. सीट पार मागे टाकून झोपलं की खांद्याचा पट्टा अंगापासून सुटतो, आणि जोरात ब्रेक लागला तर माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. आम्ही ठरवलं की गाडी चालू असताना दोन-तीन खाचा मागे, त्याहून जास्त नाही. मामांची पाठ दुखते, त्यांना कमरेमागे छोटी उशी दिली. त्यांचं म्हणणं, पुशबॅकपेक्षा हे बरं.

बाळाचं आसन आम्ही घरच्या गाडीतलं काढून नेलं. खांद्याचा पट्टा असलेल्या सीटवर, दुसऱ्या रांगेत खिडकीशी, ते नीट बसलं. मांडीवर बाळ घेऊन बसण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून एक हिशोब सांगते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोचं बाळ हातातून जवळजवळ १४० किलोच्या जोराने सुटू बघतं. कोणत्याच आईच्या हातात एवढी ताकद नसते. बाळ पाटणपर्यंत रडलं, नंतर झोपलं. रडू दे.

पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट दोन्ही पोरांना हवी होती. मिळाली नाही. समोरच्या डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते आणि ती फुगते तेव्हा अलगद फुगत नाही. तिथे मोठं माणूस, सीट शक्य तितकी मागे, पाय खाली. एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली गणपतीची मूर्ती आणि अत्तराची बाटली ड्रायव्हरदादांना विनंती करून बाजूला हलवली. बाप्पा आता काचेच्या कडेला आहेत आणि त्यांना तिथूनही रस्ता दिसतो.

पुढे बसणाऱ्याला आम्ही एक काम दिलं होतं. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे पेटतात आणि थोड्या वेळात विझतात. एबीएसचा किंवा एअरबॅगचा दिवा इंजिन सुरू झाल्यावरही तसाच राहिला, तर ती यंत्रणा त्या वेळी काम करत नाही असं समजायचं. साधा ब्रेक लागतो, पण तेवढ्या भरवशावर घाटात शिरू नये. दर थांब्यानंतर बघायचं, बस्स.

कोयनानगर सोडलं आणि हेळवाकच्या पुढे आभाळ भरून आलं. कुंभार्लीत वळीव गाठलाच. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल एकत्र होऊन निसरडं होतं, जुलैतल्या धो धो पावसापेक्षा हे जास्त फसवं. एका वळणावर डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र दोनदा लुकलुकलं. ईएसपी काम करत होती, म्हणजे चाक सुटू लागल्याचं ओळखून तिने एखाद्या चाकाला आपणहून ब्रेक लावला होता. दिवा लुकलुकला तर घाबरायचं कारण नाही, पण वेग कमी करायची ती सूचना आहे. दादांनी लगेच गियर खाली घेतला. जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे: ज्या गियरमध्ये घाट चढाल त्याच गियरमध्ये उतरा. भरलेली व्हॅन ब्रेकवर तोलत उतरवली तर ब्रेक तापतात, वास येतो आणि शेवटी पकड जाते. मागे बसून करपल्यासारखा वास आला तर गप्प बसू नका, सांगा. एबीएस लागली की पेडल पायाखाली थरथरतं. तेव्हा पाय दाबून ठेवायचा, पंप मारायचा नाही. हे चालवणाऱ्याला माहीत असतंच, पण तुमच्यापैकी कोणी आलटून-पालटून चालवणार असेल तर आधी विचारून घ्या.

त्याच पावसात समोरची काच आतून धुरकटली. बारा माणसांचे श्वास, आणि एसी आतलीच हवा फिरवतोय. बाहेरची हवा आत घ्यायचं बटण, एसी चालू, झोत काचेवर. मिनिटाभरात काच साफ. या गाडीच्या मागच्या मोठ्या काचा उघडत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या हवेची सोय लक्षात ठेवून वापरावी लागते. नुसती आतली हवा तासभर फिरली की डोकं जड होतं आणि झोप येते. मागच्यांना येऊ दे, ड्रायव्हरला नको.

ओकारीचं. शेवटची रांग मागच्या चाकांच्या मागे येते, तिथे हेलकावे सगळ्यात जास्त. ज्यांना घाट लागतो ते पुढच्या रांगांत, नजर समोरच्या रस्त्यावर, मोबाईल खिशात. ॲव्होमिन घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, घाटाच्या आधी, पाटणच्या आसपास. घाटात शिरल्यावर घेऊन उपयोग नाही. आमच्या शेवटच्या रांगेत कॉलेजला जाणारी भाची बसली होती आणि तिने वडापाव खाल्ला. काही जणांना देवाने वेगळं पोट दिलेलं असतं.

गुहागरमधल्या वाडीतल्या रस्त्यांवर लांब गाडीची खरी परीक्षा होते. एका बाजूला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला माडाचं खोड. रिव्हर्स कॅमेरा कामाचा आहे, पण खारी हवा आणि धुळीने त्याची काच रोज आंधळी होते. सकाळी ओल्या फडक्याने पुसा. सेन्सरला बारीक खांब आणि बुटका दगड कळत नाही. मागे एक माणूस उतरवा, आणि त्याला सांगा की ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागी उभा राहा. गाडीच्या बरोब्बर मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडणारे मामा आम्ही दोनदा बाजूला केले.

तवसाळ-जयगड फेरीने चिपळूण-संगमेश्वरचा मोठा वळसा वाचतो. धक्क्यावर सगळे आधी उतरा आणि चालत बोटीवर जा. गाडी हलकी होते आणि उतारावर मागची शेपूट घासायची भीती कमी होते. ओहोटीला उतार जास्त तीव्र असतो, म्हणून लांब गाडी असेल तर भरतीची वेळ बघून जाणं शहाणपणाचं. बोटीवर हँडब्रेक, गियरमध्ये गाडी, आणि पुन्हा आत जाऊन बसायचं नाही, एसी कितीही गार असला तरी. पाण्यावर बंद काचांच्या गाडीत बसण्यात काही अर्थ नाही. बाहेर वारं छान असतं, जयगडचा किल्ला दिसतो.

बाहेर पडण्याच्या वाटा हा विषय आम्ही गणपतीपुळ्याला जेवताना काढला आणि सगळ्यांचा मूड गेला, पण काढायला हवा होता. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस दाराच्या बाजूवर उलटली, पेटली, आणि २५ जण गेले. वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले होते. म्हणून: मागचं आपत्कालीन दार आतून कसं उघडतं ते एकदा करून बघा. काच फोडायची हातोडी कुठे आहे ते सगळ्यांना माहीत हवं, आणि ती तिथे आहे ना तेही. फोडायची ती बाजूची काच, आणि घाव कोपऱ्यात घालायचा. मधोमध मारून काच नुसती हादरते. समोरची काच पदरांची असते, ती अशी फुटत नाही. अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का ते बघा. लाल पॅनिक बटणं मदतीसाठी असतात. पोरांना आधीच समज द्या. सोबत ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लक्षात असू द्या.

गाडीत छताला रंगीत दिवे होते, नाचणारे. अंधार पडल्यावर आतला कुठलाही दिवा समोरच्या काचेत उमटतो आणि ड्रायव्हरला बाहेरचं दिसेनासं होतं. गाणी चालू ठेवा, दिवे बंद. वाचायचे छोटे दिवेसुद्धा मागच्या दोन रांगांतच.

परतीला आंबे. रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या घेतल्या, आत्यांनी एक फणस घेतला, कोकम सरबताच्या बाटल्या वेगळ्या. शेवटच्या रांगेमागची जागा बॅगांनी आधीच भरलेली, म्हणून पेट्या मधल्या वाटेत रचायचा प्रस्ताव आला. तो हाणून पाडला. ती वाटच बाहेर पडायची. दोन मऊ बॅगा सीटखाली गेल्या, त्यांच्या जागी पेट्या, खाली आणि घट्ट. बाटल्या आणि फणस पायाशी, पुढच्या सीटला टेकून. डोक्यावरच्या रॅकवर फक्त टोप्या, टॉवेल, चिवडा. रॅकवरून फणस पडला तर काय होईल याची कल्पना पोरांनी बराच वेळ रंगवली.

आंबा घाटात ट्रकमागे अडकून चढावर थांबावं लागतं. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवते, पण क्षणभरच. जास्त थांबायचं तर हँडब्रेकच. मागच्या ट्रकने अंतर ठेवलं नाही तर आपण पुढच्याशी ठेवावं. साखरप्याला घाटाआधी एक थांबा घ्या, वर आंबा गावात दुसरा.

आणि ड्रायव्हर. कायद्याने दिवसाला आठ तास चालवणं ही मर्यादा आहे. मुक्कामी दादांना खोली द्या. गाडीत डास मारत झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी घाट उतरवणार असतो. आम्ही हॉटेल ठरवतानाच एक पलंग जास्तीचा धरला होता. कोल्हापुरात जेवून निघालो की सगळी गाडी घोरते, आणि पुण्यापर्यंतचा सरळ हायवे हाच झोपेचा खरा धोका. तिथे पुढच्या सीटवर जागा राहणारा माणूस बसवा. आमच्याकडे भाची बसली, पट्टा लावून, आणि कराडला चहासाठी गाडी तिनेच थांबवायला लावली.