तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी पुन्हा उभी का राहिले नाही

देवळाच्या पायरीवर, लग्नात, मयतीच्या घरी, एकदा तर लक्ष्मीपुरीत भाजी घेताना तुम्ही मला हेच विचारलंत. "सिस्टर, नऊ वर्षं सेक्रेटरी होता. चर्चच्या पंच कमिटीला परत का उभ्या राहिला नाही? तुमच्यासारखी माणसं बाजूला झाली तर मंडळीनं कुणाकडं बघायचं?" मी आजवर गुडघ्यांचं कारण देत आले. गुडघे दुखतात हे खरं आहे. पण पद त्यांच्यापायी सोडलं नाही.

हिशेबात काहीतरी होतं, असंही कुणी कुणी बोलतं. म्हणून ते आधी. माझ्या काळात दरवर्षी ऑडिट झालं. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, तो वेळेत गेला. मागची जागा विकायचा घाट घातला गेला, तेव्हा आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टची जागा विकता येत नाही, हे ट्रस्ट कायद्याचं कलम ३६ मीच सभेत उभी राहून वाचलं. वकील गाठला. ज्यांचा शब्द चालतो अशा चौघांना फोन केले. ती जागा आज मंडळीची आहे. मी वजन वापरलं आणि त्याची मला लाज वाटत नाही. २०१९ च्या पुरात धान्याची यादी माझ्या हातची होती. माझ्या एका फोनवर टेम्पो यायचा.

तेव्हा सत्ता मुळातच वाईट, असं मला म्हणायचं नाही. एका भावानं मला सुनावलं, "शाहू महाराज गादी सोडून बसले असते तर १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम कुणी काढला असता?" कोल्हापुरात याला उत्तर नसतं. माझ्याकडंही नाही.

पण माझ्याकडं एक पावती आहे. म्हणजे तिची स्थळप्रत. मूळ पावती दुसऱ्या घरात आहे.

२०१८ चा जुलै. आपल्याच मंडळीतली एक विधवा बाई, नाव सांगत नाही, भर पावसात माझ्याकडं आली. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. मिशनच्या नर्सिंग स्कूलला मंडळीचं पत्र लागतं. "सिस्टर, शुक्रवारी शेवटची तारीख हाय. तेवढं पत्र द्या." त्या मुलीच्या चुलत्यानं आमच्या बदल अर्जावर हरकत घेतली होती. आठ महिने मी धर्मादाय कार्यालयाच्या बाकावर काढले होते. ते मनात होतं का? त्या क्षणी विचारलं असतंत तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं.

मी तिला नाही म्हटलंच नाही. मी म्हटलं, "पाळकसाहेब गावाला गेलेत. मीटिंगपुढं ठेवते. आणि तुमची वर्गणी दीड वर्षाची थकलीय बघा."

तिनं पदराची गाठ सोडली. ओल्या नोटा टेबलावर मांडल्या. मी त्या मोजल्या, वर्गणीची पावती फाडली, तिच्या हातात दिली. पत्र दिलं नाही. शिक्का माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. पाळकसाहेबांच्या सहीची दोन कोरी लेटरहेडंही तिथंच होती, असल्या घाईच्या कामासाठी ठेवलेली. ती म्हणाली, "बरं, सिस्टर." छत्री उघडून गेली.

मीटिंग पुढच्या बुधवारी झाली. पत्र एकमतानं मंजूर झालं. इतिवृत्तात ते माझ्याच अक्षरात आहे.

तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. ती म्हणते, नियम होता. नियम होताच. मग दोनच महिन्यांपूर्वी एका पंचांच्या भाच्याला, वर्गणी थकलेली असताना, उभ्या उभ्या पत्र कसं दिलंस? ती म्हणते, तिथं भांडण नव्हतं. हेच तर. मला १९७८ साली असंच पत्र मिळालं होतं. माझे वडील नाताळाखेरीज देवळात पाऊल ठेवत नसत, प्यायचे. म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी पडवीत बसून स्वतः पत्र लिहिलं. विचारलं इतकंच, "रक्त बघून चक्कर येत नाही ना?" त्या कागदावर माझं सगळं आयुष्य उभं आहे. तरी माझी पाळी आली तेव्हा मी पावती फाडली.

मुलीचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी कर्ज काढून खासगी कॉलेजात घातलं.

माझ्या ध्यानात आलं ते एका प्रार्थना सभेत. मला बायबलातल्या १ शमुवेल १२ वर बोलायचं होतं. म्हातारा संदेष्टा शमुवेल लोकांपुढं उभा राहून विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणावर जुलूम केला, कुणाकडून लाच घेतली? बैल, गाढव, लाच, सगळ्याला माझं उत्तर तयार होतं. मधल्या प्रश्नाशी वर पाहिलं, तर तिसऱ्या बाकावर ती होती.

मी तिच्या घरी गेले. माफी मागितली. तिनं चहा ठेवला, पोराला खारी आणायला पिटाळलं. "काय बोलताय सिस्टर, तुमच्या मनात काय नव्हतं. आमचंच नशीब." मी हलकी होऊन परतले. चांगले दोन महिने हलकी होते. मग तीच बाई धाकटीच्या पत्रासाठी आली. मी त्याच दिवशी दिलं. आणि शिक्का मारताना मला कळलं की त्या दिवशीचा चहा कुणासाठी होता. कपाटाची किल्ली माझ्याकडं असताना ती मला माफ केलं नाही असं म्हणणार कशी होती?

पौल फिलेमोनाला लिहितो, मी आज्ञा करू शकलो असतो, पण प्रीतीस्तव विनंती करतो. पूर्वी हे वाचताना माझा गळा दाटून यायचा. आता त्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टी दिसतात. ते फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही लिहिलेलं आहे. आणि तू स्वतःच माझा ऋणी आहेस, तेही पौल सांगून टाकतो. चारचौघांत केलेल्या अशा विनंतीला फिलेमोन नाही म्हणू शकला असता? ज्याच्यासाठी ते पत्र होतं त्या फिलेमोनाच्या गुलामाचं, अनेसिमाचं, भलं व्हायला तेवढं वजन टाकणं बरोबरही असेल. मला ठरवता येत नाही. शमुवेलानं मात्र तो प्रश्न राजा नेमून झाल्यावर विचारला, एवढं मी आता विसरत नाही.

२०२१ ला मुदत संपली. मी अर्ज भरला नाही. आणि परवा नव्या कमिटीनं एका पोरीला पत्रासाठी तीन हेलपाटे घालायला लावले, तेव्हा रात्रभर जागी होते. मी असते तर एका फेरीत दिलं असतं. दिलं असतं ना?

पद सोडल्यावर सहा महिन्यांनी मी पुन्हा त्या विधवा बाईच्या दारात गेले होते. तिनं बसा म्हटलं नाही. आधी तुमचाच प्रश्न विचारला, "परत उभ्या राहणार हाय का?"

मी म्हटलं, "नाही."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा ती बोलली. "ती पावती अजून हाय माझ्याकडं." त्या नोटा कुणाकडून उसन्या आणल्या होत्या, पोरगी किती दिवस जेवली नाही, कॉलेजच्या कर्जाचा हप्ता अजून कसा चाललाय, सगळं सांगितलं. अर्धा तास मी उंबऱ्याबाहेर उभी होते. चहाचं नाव तिनं काढलं नाही.