तुम्ही विचारलंत म्हणून: विश्वास थंडावतोय हे आधी कुठे दिसतं?

"उपासना चुकत नाही, वचन (बायबल) वाचतो, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देतो, तरी आतून थंड पडत चाललोय. हे वेळीच ओळखायचं कसं आणि थोपवायचं कसं?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात.

आधी एकांतातली प्रार्थना तपासा, आणि तिच्यातही पापकबुली. घसरण सुरू झाली की प्रार्थना लगेच बंद पडत नाही, ती मोघम होते. "प्रभू, आज दुपारी मी भावाशी पैशांबद्दल खोटं बोललो" ही कबुली जाते आणि "प्रभू, आम्ही पापी आहोत, आम्हांला क्षमा कर" येतं. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांसोबत, 'आम्ही' योग्यच आहे. पण दार लावून एकट्यानं गुडघे टेकल्यावरही 'आम्ही'च तोंडात येत असेल, तर थांबा. पाप नाव घेऊन कबूल केलं की भावाकडे जाऊन खरं सांगावं लागतं. ते टाळायचं असतं, म्हणून जीभ अनेकवचनाचा आडोसा घेते.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातल्या (इब्री 2:1) इशाऱ्यात मूळ ग्रीक शब्द वाहवत जाण्याचा आहे. होडी उलटावी लागत नाही, वल्हं थांबलं की पुरे. लूकच्या शुभवर्तमानाच्या 22व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र याचं बघा. तुरुंगात जायलाही तयार आहे म्हणाला, प्रार्थनेच्या वेळी झोपला, मग दुरून मागे चालला, मग अंगणातल्या शेकोटीपाशी इतरांत जाऊन बसला. येशूला ओळखतच नाही असं नाकारणं त्यानंतर आलं. कोंबडा आरवल्यावर तो रडला, पण सावध व्हायची वेळ बागेत, प्रार्थनेच्या वेळीच होती.

म्हणून रोज रात्री पाच मिनिटं काढा. आज देवानं काय दिलं, कुठे चुकलो, कोणाशी काही मिटवायचं राहिलं, एवढंच विचारा. चूक एका वाक्यात, कर्ता 'मी' ठेवून म्हणा. मिटवण्यासारखं असेल तर उद्या कधी, तेही ठरवून झोपा; नाहीतर कबुलीचीही सवय होते आणि माणूस जिथल्या तिथे राहतो.

वाचनाचं गणित सोपं ठेवा. नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस रोज एक वाचला तर 52 आठवड्यांत पूर्ण होतो. बहुतेकांचं बिघडतं ते अपराधी वाटल्यावर केलेल्या मोठ्या संकल्पामुळे: पहाटे तास-दीड तास बसायचं ठरतं, चार दिवस निभतं, मग लाज वाटून सगळंच सुटतं. पंधरा मिनिटांनी सुरुवात करा. खंड पडला तर राहिलेले अध्याय एकदम भरून काढू नका, ज्या दिवशी बसाल त्या दिवसाचा वाचा. वाचनाला थकबाकीचं रूप आलं की माणूस पुस्तक उघडायलाच घाबरतो.

हे एकट्यानं होत नाही. इब्री 3:13 एकमेकांना दररोज बोध करायला सांगतं, कारण पाप फसवून मन कठीण करतं आणि फसलेल्याला ते कळत नाही. जुन्या करारातल्या बलवान शमशोनालाही परमेश्वर आपल्याला सोडून गेल्याचं कळलं नव्हतं. विश्वासातला एक भाऊ, बहिणींसाठी एक बहीण, आठवड्यातून एकदा भेटावं आणि नेमकं विचारावं: कबूल केलेलं पुन्हा झालं का? माझ्यापासून काय लपवतोयस? "कसं चाललंय?" याला "देवाची कृपा" हे उत्तर तयारच असतं, म्हणून तो प्रश्न पुरत नाही.

सेवेच्या धावपळीवर मात्र विसंबू नका. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायातल्या इफिस शहराच्या मंडळीत श्रम होते, धीर होता, खोट्या प्रेषितांची पारखही होती, तरी पहिली प्रीती गेली होती.

एक फरक जपा. कोरडेपणा म्हणजे घसरण नव्हे. 42व्या स्तोत्राचा कर्ता हरिणीसारखा देवासाठी तळमळतो. देव दूर वाटतो याचं त्याला दुःख आहे. घसरणीत ते दुःखच बोथट होतं. आणि थकवा वेगळा: संदेष्टा एलीया मरण मागत होता तेव्हा देवानं त्याला आधी झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, दोनदा. जो खचलाय त्याला आधी विश्रांती द्या, गरज असेल तर डॉक्टरांकडे न्या. त्याला पश्चात्तापाचं व्याख्यान देणं निर्दयपणा आहे.

खूप दूर गेल्यासारखं वाटत असेल तर इफिसला सांगितलेलाच क्रम धरा: कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्यं कर. प्रेम परत वाटेपर्यंत थांबायला तिथे सांगितलेलं नाही. विश्वासात आलात त्या दिवसांत काय करत होता ते कागदावर लिहा, त्यातलं एक आज करा. आणि ज्या भावाला चुकवताय, त्याला झोपण्यापूर्वी फोन करा.